एका काळ्या दगडाच्या दोन लेकी

पावसाळ्यात वाईच्या शिवारातून चालून आलेल्या माणसाच्या चपला बघाव्यात. तळाखाली दोन-दोन बोटं चिखल चढलेला असतो. पाऊल उचलावं तसा तो वाढत जातो, चप्पल जड होते, शेवटी माणूस ती हातात घेतो आणि अनवाणी चालू लागतो. हा चिखल काळा, चिवट आणि लोण्यासारखा गुळगुळीत. वाळला की दगडासारखा घट्ट होतो आणि सुरीने खरवडून काढावा लागतो.

त्याच दिवशी वाईहून एसटीने पसरणीचा घाट चढावा, पाचगणी मागे टाकून महाबळेश्वरला उतरावं. इथे पाऊस वाईच्या कितीतरी पट, तरी चपलेला चिखल फारसा चढत नाही. मात्र पांढऱ्या सदऱ्यावर एक शिंतोडा उडाला तर तो तांबडा डाग दहा वेळा धुऊनही पुरता जात नाही. दोन गावांत अंतर जेमतेम बत्तीस किलोमीटर, आणि माती मात्र दोन वेगळ्या देशांतली वाटावी अशी.

लहानपणी मला वाटायचं की खाली खडकच वेगळा असणार. तसं नाही. वाईच्या विहिरीत लागतो तोच काळा पाषाण महाबळेश्वरच्या कड्यांत दिसतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, थोडं इकडेतिकडे, जमिनीच्या भेगांमधून लाव्हारस बाहेर पडला, एकावर एक थर साचले आणि आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या दगडाखाली आहे. शास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात. आपली लेणी त्यात कोरली, किल्ले त्यावर बांधले, पाटा-वरवंटा त्याचाच केला. मग एकाच दगडाची एक लेक काळी आणि दुसरी तांबडी कशी?

दगड कुजतो तो असा

घाटरस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो, तिथे एसटी वळणावर हळू होते तेव्हा खिडकीतून नीट बघावं. कापाच्या तळाला अखंड काळा दगड असतो. वर त्याला चिरा पडलेल्या दिसतात. त्याच्याही वर पिवळसर-तपकिरी, हाताने कुस्करता येईल असा भुगा असतो. हाच आपला मुरूम. आणि सगळ्यात वर हातभर किंवा वीतभर माती.

मुरमाच्या त्या पट्ट्यात अनेकदा गोल गोल धोंडे अडकलेले दिसतात. एखादा फुटलेला असेल तर त्याच्याभोवती कांद्याच्या पाकळ्यांसारखे पापुद्रे सुटलेले असतात आणि मध्ये ताज्या काळ्या दगडाचा गड्डा शिल्लक असतो. लाव्हारस थंड होताना आक्रसला, त्याला आडव्या-उभ्या भेगा पडल्या आणि त्याचे चौकोनी ठोकळे झाले. भेगांमधून पाणी शिरलं. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच दिशेने हल्ला करतं, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तीन दिशांनी. म्हणून कोपरे आधी झिजतात आणि चौकोनाचा गोळा होतो. खिशात वर्षभर राहिलेल्या खडूच्या तुकड्याचे कोपरे जसे आधी जातात, तसंच.

नुसत्या पाण्याने दगड कुजत नाही. पावसाचा थेंब हवेतून येताना थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून आणतो आणि किंचित आंबट होतो. खरी धार त्याला जमिनीत शिरल्यावर चढते. तिथे मुळं श्वास घेत असतात, जिवाणू आणि बुरशी पालापाचोळा खात असतात. या सगळ्यांनी सोडलेल्या वायूमुळे मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. ते सौम्य आम्ल दगडातल्या खनिजांमध्ये शिरतं आणि त्यांतलं कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम एकेक करून सोडवून घेतं.

या कामाला सगळ्यात आधी हात घालणारा मजूर आपल्या स्वयंपाकघरात आहे. गोडा मसाला करताना आपण दगडफूल घालतो. ते फूल नव्हे. एक बुरशी आणि एक शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. शैवाल उन्हावर अन्न तयार करतं आणि बुरशी घर सांभाळते. अशा जोड्या उघड्या खडकावर वस्ती करतात, आम्लं सोडतात, दगडाचा पृष्ठभाग खरबरीत करतात आणि मेल्यावर चिमूटभर भुकटी मागे ठेवतात. त्या भुकटीत शेवाळ रुजतं, शेवाळात गवताचं बी अडकतं. एक सेंटिमीटर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात, त्यांतली पहिली काही वर्षं या दगडफुलाच्या भाऊबंदांची असतात.

इथवरची गोष्ट वाईलाही तीच आणि महाबळेश्वरलाही तीच. वाटा फुटतात त्या यानंतर.

चिंचेचा कोळ

आमटीसाठी चिंच भिजत घालतो ते आठवा. चिंचेचा गोळा फडक्यात बांधून वरून कोमट पाणी ओतत राहिलं, पिळत राहिलं, तर आंबट-गोड सगळं पाण्याबरोबर निघून जातं. फडक्यात उरतो तो चोथा आणि शिरा. तीच चिंच वाटीत थोड्या पाण्यात भिजवून तशीच ठेवली तर काहीच बाहेर जात नाही. पाणी आटत जातं आणि वाटीत घट्ट, चिकट कोळ उरतो.

महाबळेश्वर म्हणजे फडकं, आणि वाईपासून पूर्वेकडचा देश म्हणजे वाटी.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वाईला साधारण आठशे, आणि आणखी पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच रिते होतात. पलीकडे उतरतो तो कोरडा वारा. आपण त्या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतो. डोंगराची सावली उन्हाची असते तशी पावसाचीही असते, आणि त्या सावलीची कड जमिनीवर मातीच्या रंगाने आखलेली आहे.

ताज्या बेसाल्टमध्ये वजनाने साधारण निम्मी सिलिका असते, म्हणजे वाळूचं मूळ द्रव्य. बाकीच्यात ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांची संयुगं. भरपूर पाऊस आणि उतार असला की पाणी खाली खाली झिरपून ओढ्याने निघून जातं, आणि जाताना सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन जातं. हे सगळ्यात सहज विरघळणारे. मग सिलिकाही हळूहळू जाऊ लागते. मागे राहतात ते लोह आणि ॲल्युमिनियम, कारण त्यांची ऑक्साइडं पाण्यात जवळपास विरघळतच नाहीत. लोहाचं ऑक्साइड म्हणजे सोप्या भाषेत गंज. महाबळेश्वरच्या मातीचा तांबडा रंग खिळ्यावरच्या गंजाचाच भाऊ आहे, म्हणून सदऱ्यावरचा डाग जात नाही.

ज्या ठिकाणी ही धुलाई फार काळ चालली, तिथे चोथाच दगड झाला. तो म्हणजे जांभा. पावसाळ्यात जमीन पाण्याने भरलेली असताना लोह थोडं विरघळून हलतं, आणि उन्हाळ्यात कोरडं पडल्यावर पुन्हा गंजून जागच्या जागी घट्ट बसतं. लाखो वर्षं असं चालल्यावर त्याची जाळी तयार होते. म्हणून जांभा स्पंजासारखा भोकाभोकांचा असतो. कोकणातल्या चिरेखाणीत त्याचे चिरे कापतात तेव्हा तो नरम असतो. हवेवर ठेवला की टणक होतो. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने केरळातल्या अंगाडिपुरमजवळ लोकांना असे चिरे कापताना पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात या दगडाला लॅटिनमधल्या विटेवरून ‘लॅटराइट’ असं नाव दिलं. जगभर आज तेच चालतं. आपला ‘जांभा’ मात्र जांभळट तांबड्या रंगावरून आलेला दिसतो, आणि मला तोच अधिक नेमका वाटतो.

आता वाटीकडे येऊ. पूर्वेला पाऊस इतका कमी की पाणी जमिनीत थोडंच खाली जातं आणि पुढच्या उन्हात परत वर येऊन उडून जातं. विरघळलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका तिथल्या तिथेच राहतात. त्यांचा एकमेकांशी पुन्हा संसार जुळतो आणि एक नवीनच खनिज घडतं, चिकणमातीचं. उरलेलं कॅल्शियम चुनखडीच्या खड्यांच्या रूपात खालच्या थरात बसतं. काळ्या रानात विहीर खणताना चार-पाच फुटांवर पांढरे, वेडेवाकडे खडे लागतात, ते हेच. त्यावर लिंबाचे दोन थेंब टाकले तर फेस येतो. पूर्वी हे खडे भट्टीत भाजून बांधकामाचा चुना करत. दगडातून सुटलेलं कॅल्शियम अशा फेऱ्याने वाड्याच्या भिंतीत जाऊन बसलं.

पुरणपोळीची चळत

काळी माती चपलेला का चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते कशी आणि तिच्यात पाणी एवढं कसं राहतं, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर त्या नवीन खनिजात आहे. त्याच्या गटाला स्मेक्टाइट म्हणतात.

एक पुरणपोळी डोळ्यांसमोर आणा. वर एक पारी, खाली एक पारी, मध्ये पुरण. स्मेक्टाइटचा कण असाच: वर-खाली सिलिकाचे पापुद्रे आणि मध्ये ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचा थर. अशा पोळ्यांची चळत एकावर एक रचलेली, पण पोळ्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या नाहीत. दोन पोळ्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरतं, कॅल्शियमचे कण शिरतात आणि चळत फुगते. पाणी गेलं की चळत बसते. एका शेतात अशा अब्जावधी चळती एकदम फुगतात आणि एकदम बसतात.

तांबड्या मातीत वेगळं खनिज असतं, केओलिनाइट. सिलिका बरीच वाहून गेल्यामुळे तिथे दुसऱ्या पारीला पीठच उरलेलं नसतं. एक पारी आणि वर पुरण, एवढंच. पण हे थर एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की मध्ये पाण्याला वाट नाही. म्हणून ती माती फुगत नाही, भेगाळत नाही आणि चपलेलाही चढत नाही.

स्मेक्टाइटच्या सगळ्या पापुद्र्यांचे पृष्ठभाग उलगडून मांडले तर एका ग्रॅममध्ये सातशे चौरस मीटरच्या आसपास भरतात. म्हणजे चिमूटभर खनिजात सात गुंठे जमीन. केओलिनाइटच्या ग्रॅमला दहा-वीस चौरस मीटर मिळाले तरी पुष्कळ. पाणी आणि अन्नद्रव्यं या पृष्ठभागांनाच धरून बसतात, आणि काळ्या जमिनीची ताकद तिथे आहे.

मंगळवेढ्याची ज्वारी हे तिचं सगळ्यात देखणं उदाहरण. रब्बीची ज्वारी पेरतात तेव्हा पाऊस संपत आलेला असतो. पुढचे चार महिने आभाळातून जवळजवळ काही येत नाही. तरी मालदांडी ज्वारीची ताटं पुरुषभर वाढतात, कारण मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असं साधारण दोनशे मिलिमीटर पाणी साठलेलं असतं. शेताखालीच तलाव आहे, फक्त तो मातीच्या पोळ्यांमध्ये दडलेला आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाच्या कागदावर नाव ज्वारीचं असलं तरी त्यातला मोठा वाटा मातीचा आहे.

हीच चळत घर बांधणाऱ्याला मात्र रडवते. पावसाळ्यात जमीन पाया उचलते, उन्हाळ्यात खाली सोडते, आणि भिंतीला जिन्यासारखी तिरपी भेग पडते. काळ्या रानातले विजेचे खांब झुकलेले दिसतात तेही याच कारणाने. जुन्या लोकांनी गावठाण निवडताना काळी सोडून उंचवट्याची मुरमाड जागा घेतली. शेतजमीन ती ‘काळी’ आणि वस्ती ती ‘पांढरी’, हे शब्द नुसते रंगाचे नाहीत. कुठे पेरायचं आणि कुठे राहायचं याचं शहाणपण त्यात आहे.

एप्रिल-मे महिन्यात काळ्या रानातून चालताना भेगांमध्ये काठी घालून पाहावी. कधी कधी ती हात-दीड हात सहज खाली जाते. वरची सुटी माती, पाचोळा, शेणाचा चुरा त्या भेगांत पडतो. पाऊस आला की खालची माती फुगते, तिला जागा पुरत नाही, ती बाजूला आणि वर ढकलली जाते. वरची माती खाली आणि खालची वर, असं रान स्वतःला उलथत राहतं. अशा जमिनीत खड्डा घेतला तर तीन-चार फुटांवर मातीच्या ढेकळांचे पैलू तेल लावल्यासारखे चकाकताना दिसतात. एक ढेकूळ दुसऱ्यावर घासून घासून आलेली ती झळाळी आहे. मी पहिल्यांदा तसं ढेकूळ हातात घेतलं तेव्हा बराच वेळ खाली ठेवलं नाही. बोट फिरवलं की पाटीच्या पेन्सिलीसारखं गार आणि गुळगुळीत लागतं, आणि बारकाईने पाहिलं तर त्यावर घसरण्याच्या दिशेने बारीक रेघा उमटलेल्या असतात.

काळेपणा कशाचा?

काळी माती म्हणजे सेंद्रिय खताने गच्च भरलेली, असा समज फार जुना आहे. तो खरा नाही. दख्खनच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही खाली असतो. जो थोडा असतो तो चिकणमातीच्या कणांना इतका घट्ट लिंपलेला असतो की थोड्यातच सगळी माती गडद दिसते. चमचाभर काजळ परातभर पिठाला रंगवतं, तसं.

रशिया-युक्रेनच्या गवताळ मैदानातही काळी माती आहे, चेर्नोझेम नावाची. ती मात्र खरोखर गवताच्या मुळांच्या कुजण्यातून काळी झालेली, आपल्यापेक्षा कितीतरी पट सेंद्रिय द्रव्याची. वासिली डोकुचायेव यांनी त्या मातीचा मैलोन्‌मैल फिरून अभ्यास केला आणि १८८३ साली ग्रंथ लिहिला. माती म्हणजे नुसता दगडाचा चुरा नव्हे, हवामान, वनस्पती, जमिनीचा चढउतार आणि काळ यांनी मिळून घडवलेली ती एक स्वतंत्र गोष्ट आहे, हा विचार तिथे पक्का झाला. पुढे १९४१ मध्ये हान्स येनी यांनी तो नीट मांडला: मूळ खडक, हवामान, सजीव, भूरचना आणि काळ, हे मातीचे पाच घडवणारे. वाई आणि महाबळेश्वरमध्ये खडक एकच आहे, बाकीचे बदलले, म्हणून माती बदलली. आणि आपल्या काळीत कर्ब थोडाच असल्यामुळे शेतकऱ्याने रंगावर न भुलता ‘आमची काळी यंदा उपाशी आहे’ म्हणत शेणखत घालावं, हे ओघाने येतं.

> चौकट: बांधावरचे शब्द
>
> बरड, माळ: माथ्यावरची उथळ, खडकाळ, हलकी जमीन.
>
> भारी जमीन: खोल, चिकण, पाणी धरून ठेवणारी काळी.
>
> मळई: नदीकाठची, पुराच्या गाळाने भरत गेलेली जमीन.
>
> वाफसा: पावसानंतर माती ना ओली ना कोरडी, औत चालवण्याजोगी होते ती अवस्था. काळ्या जमिनीत वाफसा उशिरा येतो आणि लवकर जातो.
>
> चोपण: सोडियमने बिघडलेली, पाणी न पिणारी, वाळल्यावर कडक होणारी जमीन.
>
> कन्हार, मोरंड, सिहार, बर्डी: वैनगंगेच्या खोऱ्यात जमिनीच्या प्रतींना असलेली नावं. कन्हार सगळ्यात भारी, बर्डी सगळ्यात हलकी.

माथा, उतार, पायथा

आतापर्यंत मी पावसाच्या फरकावर बोट ठेवलं. पण एकाच गावात, एकाच पावसाखाली, एकाच शेतकऱ्याच्या तीन तुकड्यांत तीन तऱ्हेची माती असते. डोंगराच्या सोंडेवरचा तुकडा बरड, मधला मध्यम, ओढ्याजवळचा भारी. वाटणीच्या वेळी भावाभावांत कुरबुर होते ती यावरूनच.

पुन्हा पाण्याचाच हिशेब. माथ्यावर पडलेलं पाणी थांबत नाही. ते घरंगळत जाताना मातीचे बारीक कण उचलून नेतं आणि जड खडे मागे सोडतं. नवी माती तयार होते तेवढी वाहून जाते, म्हणून माथ्यावर माती कधी जाड होतच नाही. उतारावर थोडी येते, थोडी जाते. पायथ्याला पाण्याचा वेग मोडतो आणि वरून आणलेला गाळ तिथे बसतो. न दिसणारा आणखी एक पुरवठाही होतो. वरच्या मुरमातून झिरपलेलं पाणी जमिनीच्या पोटातून पायथ्याकडे येतं आणि विरघळलेलं कॅल्शियम आणि सिलिका सोबत आणतं. माथ्यावरची चिंच फडक्यात आणि पायथ्याची वाटीत, असं एकाच डोंगरावर घडतं. म्हणून कित्येक टेकड्यांवर वरची माती तांबूस आणि खालची काळी दिसते.

पूर्व आफ्रिकेत टांगानिकामध्ये काम करणाऱ्या जेफ्री मिल्न यांना १९३५ च्या सुमारास हेच दिसलं. टेकडीमागून टेकडी, आणि प्रत्येकीवर माथ्यापासून दरीपर्यंत मातीचा तोच क्रम. दोन खुंट्यांना टांगलेल्या साखळीसारखा, म्हणून त्यांनी त्याला साखळी या अर्थाचा लॅटिन शब्द दिला, ‘कॅटिना’. साखळीची एक कडी दुसरीशिवाय समजत नाही. पायथ्याची सुपीकता ही माथ्याने दिलेली आहे. माथ्यावरचं गवत गेलं, मुरूम उपसला गेला, की त्याचा परिणाम खालच्या रानात आणि विहिरीत दिसायला वेळ लागत नाही. बांधबंदिस्ती आणि पाणलोटाची कामं माथ्यापासून सुरू करायची असतात ती याचसाठी.

साखळीच्या अगदी तळाशी वाटीतून काहीच बाहेर गेलं नाही तर काय होतं, ते अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या खारपाणपट्ट्यात दिसतं. पूर्णा नदीचं खोरं म्हणजे खचलेल्या जमिनीत शेकडो मीटर गाळ भरून झालेलं सपाट रान. माती दिसायला काळीशार. पण उतार अगदी थोडा, माती अतिशय चिकण, पाऊस मध्यम. दगडातून सुटलेलं सोडियमही बाहेर पडू शकलं नाही. विहिरीचं पाणी खारट आणि जमिनीच्या खालच्या थरात सोडियमचं वर्चस्व. डोळ्यांना दिसणारी काळी कसदार माती आणि आत ओलिताला नको म्हणणारी माती, अशी ती फसवी आहे.

पण जांभा आजच्या पावसाचा नाही

इथे मला माझंच म्हणणं थोडं दुरुस्त करायला हवं. जास्त पाऊस म्हणजे जांभा, कमी पाऊस म्हणजे काळी, हे सरळ गणित बिदरला गेल्यावर अडतं. बिदरचं पठार जांभ्याचं आहे. तिथल्या किल्ल्यात जांभा आहे, आणि पूर्वी शहराला पाणी पुरवणारे जमिनीखालचे कारेज नावाचे कालवे जांभ्यातच कोरले आहेत. पण बिदरचा पाऊस मराठवाड्यासारखा. एवढ्या पावसात जांभा तयार होत नाही.

याचा अर्थ तो जांभा दुसऱ्याच हवामानाचा आहे. सह्याद्री आज आहे तसा पावसाला अडवून उभा राहण्याआधी, पठारावर दमट, उष्ण हवा असताना, काही कोटी वर्षांपूर्वी तो तयार झाला. महाबळेश्वर, पाचगणीचं टेबल लँड आणि कास पठार यांच्या माथ्यावरची जांभ्याची टोपी त्याच जुन्या काळची. जांभा टणक, त्याने आपल्याखालचा दगड झाकून ठेवला. आजूबाजूचा उघडा भाग नद्यांनी कापून नेला, आणि टेबल लँड टेबलासारखं सपाट आणि उंच राहिलं. एके काळी जी सखल, सपाट जमीन होती ती आज डोंगरमाथा झाली आहे. तिथे उभं राहिलं की पायाखाली जुनी जमीन असते आणि खाली कृष्णेच्या खोऱ्यात नवीन.

त्याहून जुनी मातीही घाटात दिसते. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे विटकरी रंगाची वीत-दोन वीत जाडीची पट्टी असते. एक थर ओतला गेला, मग बराच काळ शांतता होती. त्या अवधीत दगडाचा वरचा भाग किंवा पडलेली राख कुजून माती व्हायला लागली होती, तोच पुढचा तप्त थर वरून आला आणि ती माती भाजून निघाली. जिच्यावर माणसाने कधीच पाय ठेवला नाही अशी ती माती आहे.

आणि कोकणात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, फिरताना कळतं की जांभ्यावरही जीवन आपली माती जमवतं. खोलगट जागी चिमूटभर माती, तीत पावसाळी तेरडा आणि गवत. रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांनी कातळात सुरुंगाने खड्डे घेतले, दुरून माती आणून भरली आणि त्यात हापूस लावला. कातळाच्या उतरणीला भाताची खाचरं, त्याच्या खाली खाडीकाठची खाजण जमीन, आणि समुद्रालगत नारळाची पुळण. सगळी कॅटिना दोन तासांत पायी उतरता येते. तांबड्या जमिनीत अन्नद्रव्यं टिकत नाहीत, लोह स्फुरदाला जखडून ठेवतं, म्हणून भाताच्या रोपवाटिकेत पाला आणि शेण जाळून राब करायची पद्धत. पावसाने वाहून नेलेलं थोडं तरी राखेतून परत द्यायचं.

हिशेब आपण बिघडवतो तेव्हा

काळ्या जमिनीने हजारो वर्षं कमी पावसाशी जुळवून घेतलं होतं. धरणं आणि कालवे आल्यावर तिच्या वाटीत आपण वर्षभर पाणी ओतू लागलो. कृष्णा, नीरा, पंचगंगेच्या काठी ऊस उभा राहिला, घरं पक्की झाली, मुलं शिकली. त्याच शेतांतल्या काही तुकड्यांत आज उन्हाळ्यात पिठासारखा पांढरा थर दिसतो.

घडतं असं. पाणी भरपूर दिलं पण निचरा झाला नाही, तर जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढते. ती तीन-चार फुटांवर आली की दिव्याची वात तेल वर खेचते तशी माती पाणी वर खेचते. पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागावर उरतात. आणखी बिघाड सोडियम वाढल्यावर होतो. दोन पोळ्यांच्या मधल्या फटीत आतापर्यंत कॅल्शियम बसलेलं असतं, आणि ते पोळ्यांना हलकेच बांधून ठेवतं. त्याच्या जागी सोडियम आलं की बांधणी सुटते, कण विस्कटतात आणि मातीची बारीक छिद्रं लिंपली जातात. पाणी वर तळं करून राहतं आणि खाली मुळं गुदमरतात. हीच चोपण जमीन.

इलाज आहे, पण तो क्रमाने करावा लागतो. आधी पाण्याला बाहेर जायची वाट हवी: उघडे चर किंवा जमिनीत गाडलेले सच्छिद्र पाईप. मग जिप्सम, ज्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावून आपली जागा परत घेतं. मग चांगल्या पाण्याने धुणं आणि सेंद्रिय खत. निचऱ्याशिवाय नुसतं जिप्सम टाकलं तर हुसकावलेलं सोडियम जाणार कुठे? ते तिथेच राहतं. एकट्या शेतकऱ्याला हे जमत नाही, कारण त्याचा निचरा शेजाऱ्याच्या बांधातून ओढ्याला जातो. ओढा बुजवून ऊस लावला असेल तर सगळं शिवार अडतं. ओढे मोकळे ठेवणं हे काम गावाने मिळून करायचं आहे आणि ते आता टाळता येणार नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आपल्या शेतात काय चाललंय याचा अंदाज घरच्या घरी घेता येतो. मूठभर वाळलेली माती काचेच्या बरणीत टाकावी, पावसाचं पाणी भरावं, हलवून खिडकीत ठेवावी. रेती मिनिटभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत. चिकणमाती रेंगाळते. महाबळेश्वरची तांबडी लवकर निवळते, कारण लोहाने तिच्या कणांचे घट्ट रवे बांधलेले असतात. निरोगी काळी जरा वेळ घेते, पण कॅल्शियम तिच्या कणांना एकत्र आणतं आणि पाणी हळूहळू नितळ होतं. चोपण जमिनीची बरणी मात्र आठवडा झाला तरी गढूळच असते. गेल्या वर्षी मी अशा तीन बरण्या ओळीने ठेवल्या होत्या. दोघींमधून पलीकडचं अंगण दिसू लागलं. तिसरीत चहासारखं गढूळ पाणी तसंच होतं. नवव्या दिवशी तिच्यात चमचाभर जिप्सम टाकून हलवली आणि ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी वरचं दोन बोटं पाणी स्वच्छ झालं होतं.